धावफलकात नसलेला रकाना

(हीरक महोत्सवी सोहळ्यात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



हीरक महोत्सव हा हिशेबाचाही प्रसंग असतो. साठ वर्षांत किती तुकड्या शाळेतून बाहेर पडल्या, किती जण डॉक्टर-इंजिनिअर झाले, कोणत्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, याची उजळणी अशा वेळी होतेच, आणि ती व्हावीही. कानडी मुलखात मराठी शाळा साठ वर्षे चालवणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु हिशेबाच्या वहीत ज्यासाठी रकानाच आखलेला नसतो, अशाही काही गोष्टी शाळा शिकवते. त्यांचे स्मरण करून देण्यासाठी आजच्या भाषणाचा विषय म्हणून आपल्याच म्हैसूर नगरीतील एका खेळाडूची निवड केली आहे. त्यांचे नाव जवागल श्रीनाथ.

प्रारंभ एका प्रसंगाने करणे योग्य ठरेल. तारीख ७ फेब्रुवारी १९९९. स्थळ दिल्लीचे फिरोजशाह कोटला मैदान. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कसोटी सामन्याचा चौथा दिवस. पाकिस्तानसमोर विजयासाठी ४२० धावांचे लक्ष्य होते. उपाहारापर्यंत त्यांच्या सलामीच्या जोडीने एकही गडी न गमावता शंभराचा पल्ला ओलांडला होता. उपाहारानंतर अनिल कुंबळे यांनी गोलंदाजीची बाजू बदलली आणि चित्र पालटले. एक, दोन, तीन असे करता करता नऊ फलंदाज बाद झाले, आणि नऊही बळी एकट्या कुंबळे यांचे होते. कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा बळी घेण्याचा पराक्रम तोवर एकाच गोलंदाजाच्या नावावर होता, तो म्हणजे इंग्लंडचे जिम लेकर. त्यांनी तो १९५६ साली केला होता.

आता एकच बळी उरला होता. पण क्रिकेटमध्ये षटके दोन्ही बाजूंनी टाकली जातात. दुसऱ्या बाजूने गोलंदाजी करण्याची पाळी श्रीनाथ यांची होती. देशातील सर्वांत वेगवान गोलंदाज, समोर तळाचे फलंदाज, आणि हाताशी बळी. अशा वेळी श्रीनाथ यांनी चेंडू यष्टींपासून दूर, फलंदाजाला गाठता येऊ नये अशा बेताने टाकले. पंचांनी वाइडची खूण केली. ज्या गोलंदाजाने आयुष्यभर एकेका धावेसाठी घाम गाळला, तो त्या षटकात प्रतिस्पर्ध्याला धावा देत होता. कारण तो दहावा बळी आपल्या मित्राचा व्हावा, अशी त्याची इच्छा होती. पुढच्या षटकात वसीम अक्रम यांचा झेल शॉर्ट लेगला लक्ष्मण यांनी टिपला. कुंबळे यांच्या नावापुढे ७४ धावांत १० बळी अशी नोंद झाली आणि भारताने सामना २१२ धावांनी जिंकला.

त्या दिवसाचा धावफलक आजही उपलब्ध आहे. त्यात कुंबळे यांचे दहा बळी आहेत, लक्ष्मण यांचा झेल आहे, अवांतर धावांत ते वाइडही आहेत. मात्र ते वाइड का टाकले गेले, हे सांगणारा रकाना त्यात नाही. बास्केटबॉलमध्ये अशी सोय आहे. स्वतः बास्केट न करता सहकाऱ्याला अचूक चेंडू देऊन ज्याने ते करवले, त्याच्या खात्यात ‘असिस्ट’ म्हणून ती मदत मोजली जाते आणि थोर खेळाडूंच्या कारकिर्दीत ती संख्या अभिमानाने सांगितली जाते. क्रिकेटच्या वहीत ती सोय नाही. शाळेच्या गुणपत्रिकेतही ती नाही. आजचा मुद्दा एवढाच आहे.

या ठिकाणी एक शंका कोणाही चोखंदळ श्रोत्याच्या मनात येईल. मुद्दाम वाईट चेंडू टाकणे खेळाच्या नीतीला धरून होते काय? शंका रास्त आहे आणि विद्यार्थ्यांनी ती विचारली तर तिचे उत्तर द्यायला हवे. पाकिस्तानला तेव्हा विजयासाठी दोनशेहून अधिक धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. एक-दोन अवांतर धावांनी सामन्याचा निकाल बदलणार नव्हता, कोणाची फसवणूक झाली नाही, जे घडले ते हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडले. सामना अटीतटीचा असता तर हेच कृत्य संघाशी प्रतारणा ठरले असते. औदार्य दाखवायचे ते आपल्या वाट्यातून दाखवावे, संघाच्या वाट्यातून नव्हे, हा विवेक त्या षटकात होता. त्या दिवशी श्रीनाथ यांनी जे सोडले, ते केवळ स्वतःचे होते.

हा विवेक कोठे घडला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हासन जिल्ह्यातील अरसीकेरे तालुक्यात जवागल नावाचे गाव आहे. होयसळांच्या काळातील लक्ष्मीनरसिंहाच्या मंदिरामुळे ते जाणकारांना ठाऊक आहे. कर्नाटकात गावाचे नाव व्यक्तीच्या नावाआधी लावण्याची रीत आहे. त्या रीतीने हे गाव श्रीनाथ यांच्यासोबत जगभर फिरले. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९६९ चा. त्यांचे शालेय शिक्षण म्हैसूरच्या मरिमल्लप्पा हायस्कूलमध्ये झाले आणि पुढे याच शहरातील श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी इन्स्ट्रुमेंटेशन या शाखेची पदवी घेतली.

म्हैसूर आणि क्रिकेट म्हटले की साहित्याच्या वाचकाला आणखी एक गोलंदाज आठवतो. आर. के. नारायण यांनी आपले बहुतेक आयुष्य या शहरात व्यतीत केले. त्यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या १९३५ सालच्या कादंबरीतील छोटा स्वामी मालगुडीच्या मुलांच्या संघाचा गोलंदाज. मित्र त्याला इंग्लंडच्या मॉरिस टेट या गोलंदाजाच्या नावाने हाक मारतात. परंतु शाळा सुटल्यावर कवायतीचा तास असतो आणि सरावाला वेळ उरत नाही. स्वामी कवायत चुकवतो, मुख्याध्यापकांची छडी उगारली जाते, मुलगा पळून जातो, रानात वाट चुकतो आणि ज्या सामन्यासाठी एवढे सारे केले तो सामनाच त्याच्यावाचून होतो. संघ हरतो, मैत्री तुटते. वाचताना हसू येते. पण शाळेत काम करणाऱ्या कोणालाही ती कथा शेवटी बोचल्याशिवाय राहत नाही. तेथे मुलाचा दोष थोडा होता. त्याला दोन्ही गोष्टी करू देणारी वडील माणसे मात्र नव्हती.

श्रीनाथ यांच्या वाट्याला अभियंत्याची पदवीही आली आणि चेंडूही. एक पूर्ण करण्यासाठी दुसरे टाकून द्यावे लागले नाही. एका क्लब सामन्यात गुंडप्पा विश्वनाथ यांच्यासारख्या थोर फलंदाजाची नजर त्यांच्यावर पडली आणि राज्याच्या संघाचे दार उघडले. १९८९-९० च्या हंगामात हैदराबादविरुद्ध प्रथम श्रेणीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी हॅट्ट्रिक साधली. पुढे पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर महाराष्ट्राविरुद्ध खेळताना त्यांनी जुन्या चेंडूने असा रिव्हर्स स्विंग केला की एका डावात सात बळी त्यांच्या नावावर जमा झाले. मराठी रसिकांना या म्हैसूरकराचे प्रथम दर्शन घडले ते असे, आपल्याच संघाला बाद करताना.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये शारजा येथे पाकिस्तानविरुद्ध एकदिवसीय आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी, असे त्यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले. ‘म्हैसूर एक्स्प्रेस’ हे टोपणनाव त्यांना मिळाले. परंतु ही एक्स्प्रेस पुढची तीन वर्षे मायदेशी बहुतांशी फलाटावरच उभी राहिली. कपिल देव यांची कारकीर्द उत्तरार्धात होती, आणि भारतातील खेळपट्ट्या फिरकीला साथ देणाऱ्या असल्याने संघात वेगवान गोलंदाजाला एखाद-दुसरीच जागा असे. परदेशात संघाची धुरा वाहायची आणि मायदेशी राखीव खेळाडू म्हणून पाणी घेऊन मैदानात जायचे, असा तो काळ होता. या प्रतीक्षेत अनेक गुणी खेळाडू कडवट होतात. श्रीनाथ सराव करत राहिले.

१९९४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांना मायदेशातील पहिली कसोटी खेळायला मिळाली, तेव्हा पदार्पणाला जवळजवळ तीन वर्षे झाली होती. त्या सामन्यात त्यांनी बळी तर घेतलेच, शिवाय दुसऱ्या डावात तळाला येऊन ६० धावाही काढल्या. भारताने तो सामना ९६ धावांनी जिंकला. पुढच्या वर्षी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर काउंटीसाठी खेळताना त्यांनी एका हंगामात ८७ बळी मिळवले.

१९९६ चे वर्ष या कारकिर्दीचे मध्यान्ह म्हणावे लागेल. ऑक्टोबर महिन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टायटन चषकाचा सामना अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. २१६ धावांचे लक्ष्य होते. सचिन तेंडुलकर ८८ धावांवर बाद झाले तेव्हा धावफलकावर ८ बाद १६४ होते. घरोघरी दूरदर्शन संच बंद झाले. मैदानात उरले होते दोन गोलंदाज, श्रीनाथ आणि कुंबळे. दोघेही कर्नाटकाचे, दोघेही अभियंते. त्या दोघांनी न डगमगता ५२ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि सात चेंडू राखून सामना जिंकला. ज्यांनी संच बंद केले होते त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून ते कळले.

पुढच्याच महिन्यात अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी होती. पाहुण्यांना अवघ्या १७० धावा हव्या होत्या. भारतीय खेळपट्टीवर चौथ्या डावात सामना जिंकून द्यायचा तो फिरकीपटूने, असा तोवरचा परिपाठ. श्रीनाथ यांनी अचूक टप्प्यावर, यष्टींच्या रोखाने, वेगवान मारा केला. दक्षिण आफ्रिकेचा डाव १०५ धावांत आटोपला. त्यात श्रीनाथ यांचे २१ धावांत ६ बळी होते. भारतीय मातीत वेगवान गोलंदाज कसोटी जिंकून देऊ शकतो, हे त्या दुपारी एका पिढीच्या मनावर बिंबले. आज भारताच्या वेगवान माऱ्याची जगभर वाखाणणी होते. त्या विश्वासाचे मूळ शोधताना मोटेराची ती दुपार लक्षात घ्यावी लागते.

उत्कर्षाच्या ऐन टप्प्यावर शरीराने हात आखडता घेतला. वेगवान गोलंदाज प्रत्येक चेंडूला धावत येऊन साऱ्या देहाचा भार एका पायावर आणि एका खांद्यावर झोकून देतो. त्या खांद्याच्या स्नायूंना १९९७ साली गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षाचा मोठा भाग मैदानाबाहेर गेला. वेगवान गोलंदाजासाठी खांद्याची शस्त्रक्रिया म्हणजे गायकासाठी कंठाची. त्यातूनही ते परतले आणि प्रदीर्घ काळ खेळले.

आता पुन्हा १९९९ च्या फेब्रुवारीकडे वळू. दिल्लीतील त्या षटकानंतर अवघ्या नवव्या दिवशी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा कसोटी सामना सुरू झाला. पहिल्याच सकाळी पाकिस्तानची अवस्था ६ बाद २६ अशी झाली. श्रीनाथ यांनी पहिल्या डावात ४६ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ८६ धावांत ८ असे सामन्यात एकूण १३ बळी घेतले. त्यांच्या संपूर्ण कसोटी कारकिर्दीतील ही सर्वोच्च कामगिरी. आणि भारत तो सामना ४६ धावांनी हरला. पाकिस्तानचे सईद अन्वर दुसऱ्या डावात सलामीला येऊन शेवटपर्यंत १८८ धावांवर नाबाद राहिले. पाठलाग करताना सचिन तेंडुलकर वादग्रस्त रीतीने धावबाद झाले, प्रेक्षकांचा क्षोभ अनावर झाला, आणि सामन्याचा शेवट जवळजवळ रिकाम्या केलेल्या मैदानात झाला.

या दोन सामन्यांची जोडी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. एका आठवड्यात ज्याने मित्राच्या पराक्रमासाठी स्वतःचा हात मागे घेतला, त्याला दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचे फळ मिळाले नाही. सत्कर्म केले की लगेच त्याची परतफेड होते, अशी बालकथांची शिकवण असते. क्रीडांगण ती शिकवण देत नाही, आणि हेच क्रीडांगणाचे मोठेपण आहे. तेरा बळी घेऊनही हरता येते. हरल्यावर पुढच्या सामन्यासाठी बूट बांधावेच लागतात. हे ज्या मुलाला पंधराव्या वर्षी मैदानावर कळते, त्याला ते तिसाव्या वर्षी नोकरीत किंवा संसारात कळताना कमी वेदना होतात.

१९९९ साली श्रीनाथ यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये त्यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्त होण्याचे ठरवले. परंतु कर्णधार सौरव गांगुली यांच्या आग्रहाला मान देऊन ते खेळत राहिले आणि २००३ च्या विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेला गेले. तो त्यांचा चौथा विश्वचषक. त्यांच्या बरोबरीने नवा चेंडू हाताळणारे झहीर खान हे अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचे तरुण होते. तिसरे आशिष नेहरा. त्या स्पर्धेत झहीर यांना १८, श्रीनाथ यांना १६ आणि नेहरा यांना १५ बळी मिळाले. आकडे पाहिले तर तिघांचा वाटा जवळजवळ सारखा. तेहतिसाव्या वर्षी थकल्या खांद्याने खेळणारा ज्येष्ठ एका बाजूने भार सांभाळत असताना दोन तरुण बहरले, असे ते दृश्य होते. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारतीय गोलंदाजीची धूळधाण केली. श्रीनाथ यांच्या दहा षटकांत ८७ धावा निघाल्या आणि एकही बळी मिळाला नाही. २३ मार्च २००३ चा तो दिवस त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा अखेरचा दिवस ठरला. निरोप गोड झाला नाही. तरी झहीर खान यांनी पुढे कसोटीत ३११ बळी घेतले आणि २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात वेगवान माऱ्याचे नेतृत्व केले. म्हैसूरच्या ज्येष्ठाने आणलेली दिंडीची पताका श्रीरामपूरच्या धाकट्याने पुढे नेली.

या कारकिर्दीची बेरीज थोडक्यात अशी. ६७ कसोटी सामन्यांत २३६ बळी. २२९ एकदिवसीय सामन्यांत ३१५ बळी. एकदिवसीय सामन्यांत भारतासाठी त्यांच्याहून अधिक बळी एकट्या कुंबळे यांचे आहेत, आणि भारताच्या वेगवान गोलंदाजांत तर त्यांना अजून कोणीही मागे टाकलेले नाही. चार विश्वचषकांत मिळून ४४ बळी.

निवृत्तीनंतरचा त्यांचा मार्गही पाहण्यासारखा आहे. २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सामनाधिकारी म्हणून काम करू लागले. सामनाधिकारी म्हणजे खेळाडूंच्या वर्तनावर देखरेख ठेवणारा, नियमभंग झाल्यास दंड ठोठावणारा, स्वतः मात्र प्रेक्षकांच्या नजरेत क्वचितच येणारा माणूस. वेगवान गोलंदाज मुळात आक्रमक वृत्तीचा. त्याने संयमाचे आसन स्वीकारावे, हे त्याच्या घडणीविषयी बरेच काही सांगून जाते. २०१० मध्ये कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत अनिल कुंबळे अध्यक्ष आणि श्रीनाथ सचिव म्हणून निवडून आले. दिल्लीच्या त्या षटकातील दोन मित्र अकरा वर्षांनी एकाच कचेरीत पुन्हा शेजारी बसले. यावेळीही दर्शनी स्थान कुंबळे यांचे होते आणि पत्रव्यवहार, कामकाज, व्यवस्था यांचा भार सचिवाकडे होता. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही आहे, असे श्रीनाथ यांना कधी वाटल्याचे दिसले नाही.

श्रोतेहो, एवढा वृत्तान्त सांगण्याचे प्रयोजन आता स्पष्ट करायला हवे.

प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात एक फलक असतो. त्यावर प्रतिवर्षी शालान्त परीक्षेत प्रथम आलेल्या विद्यार्थ्याचे नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेले असते. तो फलक हवाच. त्या नावांमागे परिश्रम असतात. परंतु त्याच वर्गात असाही कोणी असतो, जो परीक्षेच्या आदल्या रात्री आपली वही दुसऱ्याला देतो; जो आजारी मित्राचे दप्तर महिनाभर घरी पोहोचवतो; जी स्वतः नाटकात मुख्य भूमिका करू शकत असताना पडद्याआड उभी राहून संवाद सुचवते. यांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. साठ वर्षांनी माजी विद्यार्थी एकत्र जमतात, तेव्हा गप्पांत मात्र प्रथम आलेल्यापेक्षा यांचीच नावे अधिक निघतात. आज सकाळपासून या प्रांगणात जे हास्यविनोद चालले आहेत, त्यांकडे कान दिला तर याचा प्रत्यय येईल. शाळेच्या वहीत नसलेला रकाना विद्यार्थ्यांच्या स्मरणात असतो.

पालकांना दोन विनंत्या आहेत. पहिली मैदानाविषयी. मूल नववीत गेले की मैदान बंद, दहावीला तर खेळाचे नावही काढायचे नाही, असा दंडक अनेक घरांत आहे. पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. स्पर्धा तीव्र आहे, आणि एका वर्षाने पुढचा मार्ग ठरतो असे वाटते. पण आपल्या शहरातील मुलाने अभियांत्रिकीची पदवीही घेतली आणि देशासाठी चेंडूही टाकला. प्रत्येक मूल श्रीनाथ होणार नाही, व्हायचीही गरज नाही. रोज संध्याकाळी तासभर घाम गाळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडत नाही. बुडालाच तर त्याचे कारण बहुधा अन्यत्र असते आणि ते शोधणे हे घर व शाळा यांचे मिळून काम आहे. मुलींच्या बाबतीत हा दंडक आणखी दोन वर्षे आधीच लागू होतो, याचाही प्रत्येक घराने विचार करावा.

दुसरी विनंती प्रश्नाविषयी. मूल सामना खेळून घरी आले की पहिला प्रश्न असतो, किती धावा काढल्यास? किती बळी घेतलेस? परीक्षा देऊन आले की, किती गुण मिळतील? या प्रश्नांच्या सोबतीने आणखी एक प्रश्न कधीतरी विचारावा : आज कोणाला मदत केलीस? प्रारंभी मूल गोंधळेल. काही दिवसांनी उत्तर शोधू लागेल. उत्तर शोधण्यासाठी त्याला दिवसभर इतरांकडे पाहावे लागेल, आणि तेवढे झाले तरी पुरेसे आहे.

माजी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे मोजके आहे. शाळेचे मैदान ही कोणत्याही संस्थेची सर्वांत असुरक्षित संपत्ती असते. वर्ग वाढले की नव्या इमारतीसाठी पहिली नजर मैदानाकडे जाते, वाहनतळ हवा झाला की मैदानाचा कोपरा कापला जातो. ज्यांनी या मैदानावर गुडघे फोडून घेतले, त्यांनीच त्याचे राखणदार व्हावे. देणगी देताना खोलीवर नाव कोरण्याची इच्छा स्वाभाविक आहे. मोकळ्या जागेवर नाव कोरता येत नाही. तरीही तिच्यासाठी द्यावे. तो दिल्लीच्या षटकासारखाच एक वाइड चेंडू असेल. हिशेबात तो अवांतर म्हणून जाईल, त्याचा लाभ दुसऱ्या कोणाला मिळेल, आणि देणाऱ्याचे नाव कोठेही लागणार नाही.

फेब्रुवारी १९९९ नंतर बावीस वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, मुंबईतच जन्मलेले न्यूझीलंडचे एजाज पटेल यांनी वानखेडे मैदानावर भारताचे दहाही बळी घेतले. अशी कामगिरी कसोटीच्या इतिहासात आजवर लेकर, कुंबळे आणि पटेल या तिघांनीच केली आहे. यादीत ही तीनच नावे राहतील, आणि तेच न्याय्य आहे. परंतु म्हैसूरच्या मुलांना ही यादी शिकवताना मधल्या नावाजवळ क्षणभर थांबावे आणि त्या वेळी दुसऱ्या बाजूने षटक कोण टाकत होते, हेही त्यांना सांगावे.